कानशीचा खोटा हात

माझ्या थोरल्या बहिणीनं, पाल्मिरानं, गावातल्या सगळ्यांत तयार कानाच्या माणसाशी लग्न केलं, आणि त्या माणसानं जन्मभर तिचं एक वाक्य धड ऐकलं नाही. सेत्तीमियो भावोजींना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की पाल्मिरा अजून मला अडवते. "दोरीना, गेलेल्या माणसाबद्दल जरा जपून बोलावं." मी जपूनच बोलते आहे. पदरचं काही घालत नाही, याहून जास्त जपणं मला जमणार नाही.

आमचं गाव टेकडीवरचं. खाली एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लोरेतोच्या देवळाचा घुमट, आणि मध्ये घरटी एक तरी माणूस अकॉर्डियनवर जगणारा. कोणी लाकूड कापायचं, कोणी भात्याचा पुठ्ठा दुमडायचं, कोणी बटणं बसवायचं. मी एल्वियोच्या कारखान्यात मेणाच्या खोलीत होते. पोलादाच्या बारीक पत्त्या लाकडी ठोकळ्यावर ओळीनं मांडायच्या आणि कडेनं मेण आणि राळ ओतून पक्क्या करायच्या. बोटं कायम भाजलेली असायची. पण त्या पत्त्यांना सूर असायचा तो भावोजींच्या हातचा.

पत्ती टोकाशी कानशीनं घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. किती घासायची, आणि पेटीच्या पोटात बंद झाल्यावर तोच सूर कुठं जाऊन बसेल, ते मात्र भावोजींसारख्या दोन-चार माणसांनाच कळायचं. शिवाय एकाच सुराच्या दोन पत्त्या ते केसभर अंतरानं लावायचे, म्हणजे आवाजाला एक थरथर यायची. त्या थरथरीवर एल्वियोच्या कारखान्याचं नाव चालायचं. फ्रान्समधले वाजवणारे ती डोळे मिटून ओळखतात, असं एल्वियो सांगायचा. ओळखायचे की नाही देव जाणे, पण पेट्या मागवायचे खरे.

ही विद्या भावोजींना कोणी दिली नव्हती. आमच्याकडे ती कोणी देत नसे. त्यांचा उस्ताद गेर्वासियो म्हणजे महाखवट म्हातारा. मोलाचं काम आलं की खुर्ची फिरवायचा आणि शिकणाऱ्याकडे पाठ करून बसायचा. काम संपलं की कानशीचा कीस फुंकर मारून उडवायचा, किती घासलं ते कळू नये म्हणून. भावोजींनी ते खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबात बघून, झाडू मारण्याच्या निमित्तानं मागं मागं करून उचललं. ही गोष्ट ते दर रविवारी जेवताना सांगायचे. सांगताना आवाजात राग नसायचा, अभिमान असायचा. मला हे कधी कळलंच नाही. ज्यानं तुम्हाला दारात ताटकळत ठेवलं, त्याच्या नावानं तुम्ही देवळात मेणबत्ती लावता?

लिरा जाऊन युरो आला त्या सुमाराची गोष्ट. एका रविवारी एल्वियो पेस्ट्र्यांचा ट्रे घेऊन पाल्मिराकडे आला. तो माझ्याच वर्गातला. बापाचा कारखाना वारशानं मिळाला आणि बापाचा धाक नेमका तेवढा मिळाला नाही, असा माणूस. कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम यायचा.

"सेत्तीमियो, पॅरिसचा व्यापारी दुप्पट माल मागतोय," तो म्हणाला. "तुमच्या एकट्याच्या हातून होणार नाही."

"मग माणसं घे."

"घेतो हो. पण तिकडे फुल्वियो महामार्गाला लागून शेड टाकून बसलाय. म्हणतो, पत्त्या द्या, सूर लावून आठवड्यात परत देतो. माझा मेहुणा हिशेब बघतो ना, तो रोज कान खातोय, बाहेर देऊन टाक म्हणून."

"फुल्वियोच्या शेडमध्ये आधी कोंबड्या होत्या," भावोजी म्हणाले. "त्या जास्त सुरात ओरडायच्या."

आम्ही सगळे हसलो. एल्वियोही हसला, पण लगेच रुमालानं कपाळ पुसायला लागला. "हे बघा, मला घरचंच काम हवंय. बाहेरच्याच्या हातात सूर दिला की मग आपल्याकडे राहिलं काय, नुसतं लाकूड आणि पुठ्ठा. तुम्ही मला वर्षभरात चार माणसं तयार करून द्या. दिलीत, तर एक पत्ती बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द."

"आणि नाही दिली तर?"

"तर तुमची खोली मी कशाला चालवू, तुम्हीच सांगा." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि मेणाची पण. जिथं सूर लावतात तिथंच मेण पडतं. दोरीना, तुला कळतंय ना?"

मला न कळायला काय झालं होतं! आम्ही मेणाच्या सगळ्या बायका भावोजींच्या एका हो-नाहीवर टांगलेल्या होतो. भावोजींनी हात पुढं केला, एल्वियोनं तो धरला, पाल्मिरानं ग्लास भरले. तेवढ्यात मोरेना म्हणाली, "चारातली एक मी."

मोरेना माझी भाची, त्यांची एकुलती एक. तेव्हा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसायची. कान मात्र बापाचा घेऊन आलेली. लहानपणी देवळाची घंटा चिरकते म्हणून रडायची.

"हे बायकांचं काम नाही, पोरी," भावोजी म्हणाले.

"खरंय. बोटं भाजून घ्यायचं तेवढं बायकांचं," मी म्हणाले.

"घ्या हो तिला," पाल्मिरा म्हणाली. "परक्यांना शिकवणार, मग घरच्या लेकराला का नाही?" त्या दिवशी भावोजींनी तिचं ऐकलं.

चौघं आले. मोरेना, ड्रिता नावाची एक अल्बानियन बाई आणि शेजारच्या गावातले दोन तरुण. भावोजींनी त्यांना काय दिलं? पत्त्या आकारानं लावून ठेवा. चामड्याच्या झडपा चिकटवा. खोली झाडा. कच्चा सूर लावायलाही दिला काही महिन्यांनी, पण शेवटचा हात फिरवायची वेळ आली की यांची खुर्ची वळलीच खिडकीकडे. मी मेणासाठी पत्त्या न्यायला जायची तेव्हा बघायची, चार माणसं एका पाठीकडे बघत उभी आहेत.

ड्रिता बिचारी प्रश्न विचारायची. तिच्या गावात म्हणे विचारलं की सांगतात. "सेत्तीमियो, इथं एवढंच का घासलं?" भावोजी म्हणायचे, "हाताला विचार." एका तरुणानं एकदा खुर्चीच्या पुढं जाऊन बघायचा प्रयत्न केला, तर भावोजींनी कानसच खिशात घातली आणि कॉफी प्यायला निघून गेले. तो पोरगा महिनाअखेर आलाच नाही. त्याच्या मागोमाग दुसराही गेला.

मी एकदा गल्लीत गाठलं त्यांना. "भावोजी, एल्वियोला शब्द दिलाय तुम्ही. वर्ष संपत आलंय."

"मग? डोळे आहेत ना त्यांना? मला कोणी तोंडात घास भरवला होता?"

"तुम्हाला वेळ होता. आम्हाला नाही. उद्या हे काम त्या शेडमध्ये गेलं म्हणजे?"

ते थांबले. आजूबाजूला कोणी नाही बघून, कधी नव्हे ते खरं बोलले. "दोरीना, चौघांना आलं, की मग सेत्तीमियो कशाला लागतो एल्वियोला? चौघं माझ्याहून तरुण, माझ्याहून स्वस्त. मला हाकलायला मीच माणसं तयार करू?"

त्यांना भीती वाटत होती. मला ती दिसली, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. भीती मलाही वाटत होती, पण मी त्यापायी कोणाची भाकरी अडवून बसले नव्हते.

मोरेना मात्र टिकून राहिली. ती बापाची पोर. खिडकीची काच, कपाटाचं पितळी हँडल, जिथं मिळेल तिथं बापाच्या हाताचं प्रतिबिंब पकडायची. मला येऊन सांगायची, "मावशी, मला जमतंय. बाबा सगळं झाल्यावर शेवटी कानस आडवी धरतात आणि पत्तीच्या पोटावरून तीनदा ओढतात. अगदी जीभ दातात धरून. तिथंच सगळी मेख आहे बघ." ती इतकी खूश होती की मीही खूश झाले.

मग भावोजींचा मामेभाऊ माचेरातात वारला आणि ते अंत्यविधीला गेले. नेमकी त्याच वेळी पॅरिसच्या एका बड्या वादकाची पेटी सूर लावायला टेबलावर होती. एल्वियो घाम पुसत खोलीत आला. "मोरेना, जमेल तुला?" ती म्हणाली, जमेल. आणि जमलंही होतं तिला. सुरुवातीचे सूर मी ऐकले, अगदी बापासारखे. मग तिनं तो शेवटचा हात फिरवला, पोटावरून तीनदा. सूर घसरला. तिला वाटलं, आपलंच चुकलं, म्हणून तिनं टोक घासून तो चढवला, मग पुन्हा शेवटचा हात. पुन्हा घसरला. असं करता करता पत्त्या कागदासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पेटी वाजवून बघितली तर निम्म्या घोगऱ्या झालेल्या, आणि दोन पत्त्या भाता ताणताच तुटल्या.

भावोजी परत आले तेव्हा एल्वियो पेटी मांडीवर घेऊन त्यांच्याच खुर्चीत बसला होता. आम्ही सगळ्या दारात.

"हे काय करून ठेवलंस, मोरेना?" तो ओरडला नाही, त्याहून वाईट आवाजात बोलला.

"बाबा करतात तसंच केलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं. त्यांनी तुटलेली पत्ती उचलली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. मी बघत होते. त्यांना बघताक्षणी कळलं होतं. मग म्हणाले, "हात अजून कच्चा आहे तिचा." आणि पत्ती खाली ठेवली. एवढंच. मोरेनाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती सगळ्यांच्या देखत सॉरी म्हणाली, एल्वियोला, बापाला, ड्रितालासुद्धा.

मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी मेणाच्या खोलीत येऊन भावोजींच्या पत्त्यांचा डबा उघडला. मेणकरीण दुसरं काही करो न करो, पत्ती उजेडात धरून बघतेच. टोकाशी ओरखडे होते, बुडाशी होते. पोटावर काही नव्हतं, अगदी आरसा. मी दहा-वीस बघितल्या. मग मोरेनाला हाक मारली.

"ही तुझ्या बाबांची पत्ती. हिच्या पोटावर कानशीचा ओरखडा दाखव मला."

तिनं फिरवून फिरवून बघितली. "नाहीये."

"ही बघ. ही पण."

"मग मावशी, ते तीनदा काय ओढत होते?"

कानशीला एक गुळगुळीत कड असते, बिनदात्याची. तिनं कितीही ओढलं तरी पोलादाला काही होत नाही. मला हे सांगावं लागलं नाही. मोरेनानं तिची कानस उचलली, त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तशीच उठून बापाच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"बाबा, तो शेवटचा हात खोटा आहे?"

आणि भावोजी हसले! मी त्यांना इतकं मोकळं हसताना लग्नातही बघितलं नव्हतं. ते खुर्चीवरून उठले, तिचे खांदे धरले. "कळलं तुला! अगं, गेर्वासियोनं मलाही तोच हात दाखवून फसवलं होतं. किती वर्षं पत्त्या नासवल्या मी, किती शिव्या खाल्ल्या! ज्या दिवशी ओळखलं त्या दिवशी म्हातारा म्हणाला, आता तू कारागीर झालास. तुला वर्षाच्या आत कळलं. शाबास, पोरी."

त्यांना खरंच वाटत होतं, की आपण तिला काहीतरी देतो आहोत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते आहे, कारण सांगण्यासारखं त्यांच्या बाजूनं दुसरं काही नाही.

"काल सगळ्यांसमोर माझा हात कच्चा म्हणालात," मोरेना म्हणाली.

"मग काय, त्या अल्बानियन बाईच्या देखत सांगू, की हात खोटा आहे म्हणून? सगळं मुसळ केरात गेलं असतं."

"आणि मला नाही कळलं हे. मावशीनं दाखवलं."

भावोजींचे हात तिच्या खांद्यावरून खाली आले. "तू सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. आजही विचारलं तरी हो म्हणेन. मोरेनानं अॅप्रन काढून खुंटीला लावला आणि निघून गेली.

ती सरळ फुल्वियोच्या शेडमध्ये गेली. तिथं काटा दाखवणारं यंत्र होतं. काटा मधोमध आला की सूर लागला. सगळे एका लांब टेबलाशी समोरासमोर बसायचे, आणि ज्याला आलं तो शेजारच्याला सांगायचा. तिनं ड्रितालाही बोलावून घेतलं.

एल्वियोनं वर्ष पूर्ण होऊ दिलं, एवढं त्याचं कबूल करायला हवं. मग तो भावोजींच्या खोलीत आला, या वेळी ट्रे न आणता.

"सेत्तीमियो, चारातला एकही नाही उरला."

"मोरेना तयार झाली होती. ती निघून गेली, त्याला मी काय करू?"

"ती गेली कुठं, माहीत आहे ना? आता मी फुल्वियोकडे पत्त्या पाठवल्या, तरी सूर तुमच्याच पोरीच्या हातचा. मग बाहेर काय आणि आत काय?" हे त्याच्या मेहुण्यानं शिकवलेलं वाक्य होतं, ऐकताक्षणी कळत होतं.

एल्वियोला मी साधू म्हणत नाही. माणसं घरात ठेवायची म्हणजे त्यांच्या आजारपणासकट, बाळंतपणासकट, रुसव्यासकट ठेवावी लागतात. बाहेर नुसत्या पत्त्या पाठवल्या की झालं. त्याला आतून सुटल्यासारखंच वाटलं असणार. पण त्याला ते कारण आयतं कोणी नेऊन दिलं? मेहुण्याला नाही म्हणायची संधीच भावोजींनी त्याला ठेवली नाही.

सुराची खोली बंद झाली, पाठोपाठ मेणाची. शेडला तरुण हात हवे होते. मी समुद्रकाठच्या हॉटेलात चादरी बदलायला जाऊ लागले. मेणाच्या बायकांपैकी काहींनी पाल्मिराशी बोलणं सोडलं, जशी काही तिनंच कानस धरली होती. आणि पॅरिसहून? तिकडून काही आलं नाही. थरथर बदलली म्हणून कोणीही तक्रार केली नाही. भावोजी बरेच महिने वाट बघत होते.

मोरेना घरी यायची नाही. पाल्मिरा फोनवर रडायची. शेवटी ईस्टरनंतरच्या एका रविवारी ती आली. पाल्मिरानं विंचिसग्रासीचा, आमच्याकडच्या थरांच्या पास्त्याचा, मोठा ट्रे भाजला होता. जेवताना सगळे हवापाण्यावर बोललो. कॉफी झाली आणि भावोजी उठले. टेबलावरच्या बशा त्यांनी स्वतः उचलल्या, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग आतून सूर लावायची छोटी पेटी, पत्त्या आणि कानस आणून मांडली.

"मोरेना, ये. इथं समोर बस. उजेड तुझ्याकडे येऊ दे."

ती बसली. आणि भावोजी बोलायला लागले. टोकाला किती, बुडाला किती. कुठलं पोलाद लवकर थकतं. पत्ती पेटीत गेली की कुठला सूर केवढा उतरतो, म्हणून बाहेर असतानाच तो केवढा चढा ठेवायचा. दोन पत्त्यांतलं अंतर वरच्या सुरांना कसं कमी कमी करत न्यायचं. एकेक गोष्ट करून दाखवत होते, कीस कागदावर तसाच ठेवत होते, बघ म्हणत होते. "हे गेर्वासियोनं मला मरतानाही सांगितलं नाही. हे माझं मी शोधलंय. हे कोणालाच माहीत नाही, मोरेना." मी इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या खोलीत काढली, पण त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते. पाल्मिरा दारात उभी राहून ऐकत होती, हातात ओला फडका तसाच.

मोरेनाचे हात मांडीवर होते. तिनं एकाही पत्तीला हात लावला नाही. ते थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं?"

"अगं, सगळं खरं आहे."

"तेव्हाही मला सगळं खरंच वाटलं होतं."

ती चिडून नाही बोलली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं, एवढंच. भावोजी माझ्याकडे वळले. मी मोरेनाला त्या पत्त्या दाखवल्या त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हते.

"दोरीना, तू सांग तिला. माझ्या पत्त्या तू जन्मभर हातात घेतल्यास. सांग, खरं आहे म्हणून."

मी काय सांगणार? मला ओरखडे दिसायचे. बाहेर सूर केवढा चढा ठेवायचा, ते पत्तीवर दिसत नाही. कदाचित सगळं खरं असेल. खोटं बोलायची त्यांना आता काही गरजही नव्हती. पण मोरेना माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला एकदा फसवून झालं होतं.

"मला नाही माहीत, भावोजी," मी म्हणाले.

मोरेना उठली. आईचा मुका घेतला, माझा घेतला. उद्या पहाटेची पाळी आहे म्हणाली. बापाच्या खांद्याला तिनं नुसता हात लावला आणि जिना उतरली. भावोजी धडपडत तिच्या मागं जिन्यापर्यंत गेले, हातात कानस तशीच.

"खरं सांगतोय गं, मोरेना!" ते वरून ओरडले. "आईशप्पथ, खरं सांगतोय!"

खाली ती गाडी वळवत होती.